हळदीखालचा रंग

नवरात्राच्या आदल्या दिवशी नागलक्ष्मीचा हात वर गेलाच नाही.

बैठकीच्या खोलीत बाहुल्यांच्या पायऱ्या मांडून झाल्या होत्या. तंजावरात नवरात्र म्हणजे कोलू. लाकडी पायऱ्यांवर पांढरं धोतर अंथरायचं आणि त्यावर देव, राजे, वाणी-वाणीण, शिपाई, असा सगळा मातीचा संसार बसवायचा. सगळ्यांत वरच्या पायरीचा मान मात्र मरपाचीचा, म्हणजे तांबड्या लाकडाच्या राजा-राणीचा. ही जोडी पापनाशमजवळच्या खेड्यातून कृष्णाजींनी, नागलक्ष्मीच्या वडिलांनी, लग्नात लेकीच्या ओटीत घातली होती. तेव्हापासून दरसाल ती तिच्याच हातानं वर चढत आली. त्या दिवशी तिनं राणी उचलली, छातीपर्यंत आणली, आणि हात तिथंच थांबला. दुखलं म्हणावं तर दुखलंही नाही. विहिरीचा रहाट फिरावा आणि दोरच नसावा, तसं खांद्याचं झालं.

"काय गे, राणीला कडेवर घेऊन किती वेळ उभी राहणार? चढव की वर," दारातून राजम अक्का म्हणाली.

राजम अक्का म्हणजे नागलक्ष्मीची थोरली नणंद. ऐन तारुण्यात कपाळ पुसून माहेरी आली ती इथंच राहिली. आता सत्तरीला टेकली होती. मंगल कामात ती उंबऱ्याच्या आत येत नसे. दारात बसून हुकूम मात्र सगळे तीच सोडी.

"हात येईना, अक्का."

"साठी उलटली की हातसुद्धा रजा मागतात. सेतू, ये रे, तुझी राणी अडकली आहे."

सेतुराम आले. शाळेत सारी हयात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ॲमेझॉन नदी डोळे मिटून दाखवतील, पण स्वयंपाकघरात मिठाची बरणी दाखवणार नाहीत. त्यांनी स्टुलावर चढून जोडी ठेवली ती राजा डावीकडे आणि राणी उजवीकडे.

"उलट झालं," नागलक्ष्मी म्हणाली.

"कुणाच्या बाजूनं बघतेस त्यावर आहे ते," म्हणत त्यांनी अदलाबदल केली. तिघंही हसली. हसता हसता नागलक्ष्मीनं आपला उजवा हात डाव्या हातानं चोळला आणि पदराआड घेतला.

नवरात्र गेलं, दिवाळी गेली. जमिनीवरून उठायला खांब लागू लागला. वेणी घालायला हात मानेमागं जाईना, तेव्हा ती भिंतीला कोपर टेकवून केस विंचरू लागली. रसमाचा घोट गिळताना नाकात चढू लागला. जात्याचा खुंटा धरला की एक वेढा पुरा होईपर्यंत धाप लागे. तिला प्रत्येक कामाची ओवी येत होती, आईकडून आलेली, नाहीतर तिची तिनंच जुळवलेली. आता काम होईना तरी ओवी सुटेना:

हाताला सांगते, नको रे असा रुसू,
तुझ्यावाचून रे घराला कुठलं हसू.

घरचे डॉक्टर वेंकटराव आले, कापी, म्हणजे कॉफी, प्यायले, हात-पाय वाकवून पाहिले आणि म्हणाले, वात आहे, तेल चोळा. महिनाभर तेल चोळून झालं. अक्का चोळी आणि चोळताना जगातल्या सगळ्या वाताला शिव्या घाली. मग वेंकटरावांनीच सांगितलं की हे माझ्या तेलाच्या पलीकडचं आहे, मोठ्या इस्पितळात चिदंबर म्हणून तरुण डॉक्टर आले आहेत, त्यांना दाखवा.

इस्पितळात जायला शुक्रवार धरला. नागलक्ष्मी न्हाली. दगडावर हळकुंड उगाळून तिनं तोंडाला, गळ्याला, हातांना हळद लावली, आणि उन्हासारखं पिवळं तेज अंगावर घेऊन, ठसठशीत कुंकू लावून, नऊवारी नेसून निघाली. देवळात जावं तशी. सवाष्णीनं परक्या दारी कोऱ्या तोंडानं जायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. श्वास घ्यायला कोण शिकवतं.

डॉक्टर चिदंबर तमिळीत बोलत होते, हळू आणि नीट. त्यांनी तिला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. ती उठू शकली नाही. हात वर करायला सांगितले. ते खांद्याशीच राहिले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, पापणी खाली ओढून पाहिलं, बोटं उलटीसुलटी केली. सगळीकडं हळद.

"अम्मा, पुढच्या वेळी हळद न लावता या."

सेतुराम ताठ झाले. "डॉक्टर, मी अजून जिवंत आहे."

"हो, दिसतंय मला," डॉक्टर हसले. "तुमच्याबद्दल नाही बोलत मी. मला यांची कातडी बघायची आहे आणि ती मला दिसतच नाही. एका धुण्यानं हा रंग जायचा नाही. आठवडाभर लावू नका, मग या."

घरी आल्यावर अक्कानं ऐकलं आणि हातातली तेलाची वाटी खाली ठेवली.

"काही नको. दुसरा डॉक्टर बघा."

"अक्का, आठवड्याचा तर प्रश्न आहे," सेतुराम म्हणाले, पण त्यांच्या आवाजातही जोर नव्हता.

"माझं तोंड आहे ना या घरात कोरं? एका घराला एक पुरे."

अक्का असं कधी बोलत नसे. आपल्या वाट्याला आलेलं तिनं इतक्या वर्षांत थट्टेत घातलं होतं नाहीतर कामात, पण असं समोर मांडलं नव्हतं. नागलक्ष्मी खांबाला धरून उठली, परसात गेली, आणि विहिरीकाठचा हळद उगाळायचा दगड तिनं पायानं ढकलून पालथा केला. हातानं तेवढी ताकद नव्हती.

रोज ती मुगाच्या पिठानं तोंड धुई. रोज थोडी हळद पाण्याबरोबर अळवात जाई. पहिल्या दिवशी पिवळं फिकं झालं, मग गव्हाळ दिसू लागलं, आणि मग एका सकाळी कापी देताना अक्काचा हात तसाच राहिला.

"नागा, इकडं बघ. डोळे मीट."

नागलक्ष्मीनं डोळे मिटले. दोन्ही पापण्यांवर वांग्याच्या फुलासारखा जांभळा रंग होता, किंचित सुजलेला. तसाच गालांच्या वर. बोटांच्या पेरांवर तांबूस खडबडीत ठिपके.

"हे कधीपासून आहे गे?"

"मला काय ठाऊक. मी तरी कुठं पाहिलं आहे माझं तोंड?"

खरंच होतं ते. न्हाणीघरातल्या अंधारात धुतलेलं तोंड आणि उजेडात आलेलं तोंड यांच्यामध्ये रोज हळद होती. कोण जाणे किती महिने तो जांभळा रंग पिवळ्याखाली गुपचूप नांदत होता.

डॉक्टर चिदंबरांनी या वेळी तिला खिडकीशी नेलं. बराच वेळ पाहिलं. आत जाऊन थोरल्या डॉक्टरांना घेऊन आले, दोघं इंग्रजीत बोलले. नंतर त्यांनी सेतुरामांना बसायला सांगितलं आणि बोलले ते मात्र नागलक्ष्मीकडं पाहून.

"अम्मा, हा वात नाही. स्नायूंना आणि कातडीला सूज आणणारा आजार आहे. शरीर स्वतःशीच भांडायला लागतं, असं आता काही लोक म्हणतात. त्याला गोळ्या आहेत. जोर परत येईल."

"मग झालं तर," सेतुराम म्हणाले.

"अजून एक आहे. तरुण माणसाला हा आजार झाला तर एवढी काळजी नसते. पण पन्नाशी-साठीनंतर झाला, की काही जणांत त्याच्याबरोबर आत कुठंतरी दुसरं काही लपलेलं असतं. गाठ. कॅन्सरची."

सेतुरामांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"सगळ्यांना असतं असं नाही," डॉक्टर सांगत राहिले. "हा आजार आणि ती गाठ एकमेकांना कसे ओळखतात, ते आम्हालाही नीट माहीत नाही. कदाचित शरीर गाठीशी लढायला जातं आणि घाव आपल्याच स्नायूंवर पडतात. पण आम्ही शोधणार. नाही सापडली तरी पुन्हा शोधणार."

"शोधलं तर सापडतं?" नागलक्ष्मीनं विचारलं.

"कधी कधी."

"आणि सापडलं तर?"

"लहान असताना सापडलं तर कापून काढता येतं. उशीर झाला तर मी काही सांगू शकत नाही."

तिनं मान डोलावली. बाजारात भाव ऐकून घ्यावा, तशी.

मग शोध झाला. छातीचा फोटो झाला. खडूसारखं पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो झाले. बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यामागं तपासलं, तेव्हा नागलक्ष्मी छताकडं बघत मनातल्या मनात पीठ चाळत राहिली. कुठंच काही निघालं नाही. गोळ्या सुरू झाल्या. मार्गळीची, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाची, थंडी सरता सरता तिचा हात कानापर्यंत गेला, रसम सरळ घशातून उतरू लागलं. तोंड मात्र गोळ्यांनी वाटोळं झालं.

"चंद्र उगवला घरात," अक्का म्हणाली. "रात्री दिवा नको आता."

डॉक्टरांनी निरोप देताना बजावलं, "नाही सापडलं म्हणजे नाही, असं धरू नका. गोळ्या हळूहळू कमी करीन. पापणीचा तो रंग परत आला, किंवा जोर गेला, तर त्याच दिवशी या. आणि रंग दिसायचा असेल तर, अम्मा, तोंडावर हळद नको."

संक्रांतीला, म्हणजे तिथल्या पोंगलला, बाजारात ओल्या हळदीची रोपं येतात, पानांसकट, पोंगल शिजवायच्या भांड्याच्या गळ्यात बांधायला. सेतुराम सकाळीच एक जुडी घेऊन आले. स्वतः विहिरीवर गेले, पालथा दगड सुलटा केला, ज्या माणसाला मीठ सापडत नसे त्यानं हळद सोलली, धुतली, उगाळली आणि वाटीत घालून तिच्यापुढं ठेवली. बोटं पिवळी झाली होती.

"आता बरी आहेस तू. लाव."

नागलक्ष्मी वाटीकडं बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं तिच्यासाठी असं काही हातानं केलेलं तिला आठवेना. नाही म्हणणं जात्याच्या खुंट्याहून जड होतं.

"बसा जरा," ती म्हणाली. "आमच्या पापनाशमच्या शेतात बांधाला ओल यायची. भात उभं असायचं आणि खालच्या वाफ्यात भलतीकडंच चिखल व्हायचा. गडी तिथंच माती थापायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओल. अप्पा म्हणायचे, उंदरानं बीळ पाडलं आहे वर कुठंतरी, ते सापडेपर्यंत मी घरी येत नाही. काठी घेऊन बांध चालत राहायचे. जेवण मी घेऊन जायची."

"सापडायचं?"

"कधी पहिल्या फेरीत नाही सापडायचं. म्हणून ते ओल पुसायचे नाहीत. तशीच ठेवायचे, कमी-जास्त होते का बघायला. हे तोंड माझी ओल आहे, अहो. यावर माती थापू नका."

सेतुराम वाटीकडं बघत म्हणाले, "मला बघवत नाही. तुला कोऱ्या तोंडाची बघितली की मला वाटतं, मीच मेलो आहे आणि मला कुणी सांगितलेलं नाही."

"जिवंत आहात. हळद काय सुरेख उगाळलीत." तिनं वाटी ओढली, खाली वाकली आणि दोन्ही पावलांना, घोट्यांपर्यंत, दाट पिवळी हळद लावली. उरलेली गळ्यातल्या ताळीला, म्हणजे मंगळसूत्राला, लावली. "पायांना चालते ना सवाष्णीच्या? मग झालं."

पण रंग बघायचा कुणी, हा प्रश्न उरलाच. तिचे डोळे आता जवळचं नीट धरत नव्हते, आणि न्हाणीघरातला आरसा काळवंडलेला. सेतुरामांना विचारावं तर ते बघतील आणि नाही म्हणतील, असला तरी नाही म्हणतील. ती अक्काकडं गेली. अक्का मागच्या पडवीत शेंगा सोलत होती.

"अक्का, रोज सकाळी तोंड धुतल्याबरोबर मी पुढं तिण्णैवर येऊन बसते. तुम्ही माझं तोंड बघायचं. उजेडात."

तिण्णै म्हणजे रस्त्याकडचा ओटा. अक्का दिवस चांगला वर आल्याशिवाय तिथं जात नसे. कामाला निघालेल्या माणसाला पहिल्यांदा आपलं तोंड दिसू नये, म्हणून.

"सकाळी पहिलं माझं तोंड बघणार तू?" अक्का म्हणाली. "डोकं फिरलं का गोळ्यांनी?"

"तुम्ही माझं बघायचं आहे. मी तुमचं बघितलं तर तो फुकटचा लाभ."

"या घरात लग्नं झाली तेव्हा मी कोठीत बसले आहे, नागा. सेतू पहिल्या दिवशी नोकरीवर निघाला तेव्हा मी मागच्या दारानं विहिरीवर गेले. मला हे सांगू नकोस."

"म्हणूनच सांगते. ह्यांना माया आहे, ते खोटं बोलतील. शेजारच्या कामाक्षीला सांगितलं तर गल्लीभर होईल. तुम्हाला गोड बोलायची सवयच नाही."

अक्कानं एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, साल मुठीत धरून ठेवली.

"तिण्णैवर नाही. आतल्या चौकात," ती शेवटी म्हणाली.

"चौकात उजेड उशिरा येतो."

असं करून तिण्णैवर ठरलं. रोज पहाट फटफटली की दारापुढं कोलम, म्हणजे रांगोळी, काढून होई, आणि दोन म्हाताऱ्या ओट्यावर समोरासमोर बसत. एक डोळे मिटे, दुसरी हनुवटीला धरून तोंड उगवतीकडं फिरवी, पापण्यांवरून अंगठा नेई, पेरं बघे. "नाही," असं एकच बोले आणि आत जाई. आधी घाईनं जाई, रस्त्यावर कुणी दिसायच्या आत. मग हळूहळू घाई कमी झाली. नागलक्ष्मीनं त्याचीही एक ओवी केली आणि अक्काला मुद्दाम ऐकू जाईल अशी म्हटली:

उगवत्या उजेडा, ये रे तिण्णैच्या काठी,
नणंद बैसली माझं तोंड वाचण्यासाठी.

"मला कुठं वाचता येतं," अक्का म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती आधी येऊन बसली होती.

गल्लीनं बोलायचं ते बोलून घेतलं. शेजारची कामाक्षी एकदा दुधाला विरजण मागायला आली आणि म्हणाली, "मामी, तोंड असं का? मामांची तब्येत बरी आहे ना?"

"मामांना काय धाड भरली आहे," अक्का आतून म्हणाली. "दोन वेळा जेवतात, एक वेळ झोपतात, उरल्या वेळात बायकोला नकाशा दाखवतात. विरजण घे आणि जा."

उन्हाळा गेला. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. आडी महिना आला, म्हणजे आपला आषाढ-श्रावणाचा काळ, आणि कावेरीला पाणी आलं. आडीच्या अठराव्या दिवशी सगळा मुलूख नदीवर जातो. बायका पाण्याला हळद-कुंकू वाहतात, गळ्यातली ताळीची पिवळी दोरी बदलतात, चित्रान्नाचे डबे सोडून काठावर जेवतात. तिघं अंधारातच निघून बसनं तिरुवैयारूला आली, म्हणून त्या सकाळी तिण्णैवरचं वाचन राहून गेलं.

घाट माणसांनी फुलला होता. बायकांचे पिवळे चेहरे, पिवळं पाणी, पिवळी सुतं. नागलक्ष्मी खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली, तेवढेच तिचे पाय पिवळे. अक्का रीतीप्रमाणं वर, पिंपळाखाली, गर्दीबाहेर. सेतुरामांनी नागलक्ष्मीच्या गळ्यात नवी दोरी बांधली. ती उठायला गेली आणि उठता येईना. पुन्हा प्रयत्न केला. सेतुराम म्हणाले, पायरी निसरडी आहे. त्यांनी हात दिला आणि तिला वर आणलं.

अक्कानं तिच्याकडं पाहिलं. पाण्यावरून उजेड उसळून तोंडावर येत होता, तिण्णैवर कधी येत नसे इतका लख्ख. अक्कानं भर घाटावर, सगळ्या सवाष्णींसमोर, तिची हनुवटी धरली, तोंड नदीकडं फिरवलं आणि अंगठा पापणीवरून नेला.

"आला, नागा."

"पक्का?"

"वांग्याचं फूल. कालपर्यंत नव्हता, नाहीतर असला तर मला उजेड कमी पडला असेल."

सेतुरामांनी डबा खाली ठेवला. "बरं, जाऊ. डॉक्टरांकडं जाऊच. पण आडी संपू दे. या महिन्यात कुणी काही सुरू करत नाही. लग्न नाही, घर नाही, पेरणी तेवढी. तेरा-चौदा दिवस तर..."

"तो आडीतच आला की नाही? मुहूर्त पाहिला का त्यानं?"

"आत काही असेलच असं नाही म्हणाले होते डॉक्टर."

"असेल असंही म्हणाले होते."

"तुला भीती नाही वाटत?" त्यांनी विचारलं. घाटावर एवढा गलका होता की हे फक्त तिलाच ऐकू गेलं.

"वाटते. गिळताना वाटते, उठताना वाटते, तुम्ही झोपलात की वाटते. म्हणून तर आत्ता जायचं. थांबून ती काही कमी होत नाही." तिनं डबा उचलायला हात पुढं केला, हात पोचला नाही. "चित्रान्न बसमध्ये खाऊ. तंजावरला उतरलं की सरळ इस्पितळ."

डॉक्टर चिदंबर सणाच्या दिवशीही तिथं होते. त्यांनी रंग पाहिला, जोर पाहिला, आणि गोळ्या वाढवायच्या आधी सगळा शोध पुन्हा पहिल्यापासून लावला. छातीत काही नाही. पोटात काही नाही. सेतुरामांचा चेहरा सैल होऊ लागला. मग डॉक्टरीणबाईंनी पडद्यामागं तपासलं, हात थांबवला, पुन्हा तपासलं. पोटाच्या तळाशी, डाव्या बाजूला, लिंबाएवढी गाठ हाताला लागत होती. मार्गळीत ती नव्हती.

"मोठी नाही," डॉक्टर चिदंबर म्हणाले. "पण मद्रासला जावं लागेल, आणि लवकर. तिथं आत काय निघतं ते उघडल्यावर कळेल. दसऱ्यापर्यंत थांबला असता तर मी हे वाक्य वेगळं बोललो असतो."

निघायच्या दिवशी घोडागाडी दाराशी आली. सेतुरामांनी ट्रंक ठेवली, पाण्याचा कूजा ठेवला. कल्याणराम, त्यांचा मुलगा, मद्रासला स्टेशनवर येणार होता. नागलक्ष्मी काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

"अक्का कुठं आहेत?"

कुठं असणार. बाहेरगावी निघालेल्या माणसाच्या वाटेत यायचं नाही म्हणून अक्का नेहमीसारखी मागं, विहिरीपलीकडं जाऊन उभी होती. शुभ कामाला निघताना विधवा समोर आली तर लोक परत फिरतात, पाणी पिऊन पुन्हा निघतात. हे करायची वेळ तिनं दुसऱ्या कुणावर कधी येऊ दिली नव्हती.

"अक्का, समोर या."

"गाडी चुकेल, नागा. जा."

"चुकू दे. तुम्ही समोर आल्याशिवाय मी पाऊल बाहेर टाकणार नाही."

गाडीवाल्यानं घोड्याकडं पाहिलं. शेजारच्या दारात कामाक्षी उभी होती, ती एक पायरी मागं सरली. सेतुराम स्वतः परसात गेले आणि थोरल्या बहिणीला हाताला धरून घेऊन आले. पदर डोक्यावरून पुढं ओढून, जमिनीकडं बघत अक्का घरातून निघाली, उंबरा ओलांडला आणि रस्त्यावर, गाडीपुढं, ऐन वाटेत उभी राहिली.

"वर बघा," नागलक्ष्मी म्हणाली.

अक्कानं वर पाहिलं. दोघींची तोंडं कोरी होती आणि सकाळ झाली होती.

"आता बघून घेतलं ना," अक्का म्हणाली. "मग लवकर परत ये. तुझ्या नवऱ्याला मीठ मी दाखवायची नाही."

नागलक्ष्मी पाऊल टाकून बाहेर आली.

शस्त्रक्रिया आडीतच झाली. गाठ कॅन्सरचीच होती, पण जागेवर होती, डोळ्यांना दिसलं तिथवर पसरलेली नव्हती. सगळी काढली, असं मद्रासच्या डॉक्टरांनी सांगितलं. परत येणार नाही असं मात्र कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही तसं सांगा म्हणून कुणाला धरलं नाही. किती दिवसांनी तपासायला यायचं, तेवढं नीट विचारून घेतलं. आश्चर्य म्हणजे गाठ गेल्यावर पापण्यांवरचं जांभळं गोळ्या वाढवायच्या आधीच विरू लागलं. तंजावरला परतल्यावर डॉक्टर चिदंबर पुन्हा पुन्हा तिला खिडकीशी नेऊन बघत आणि स्वतःशीच मान हलवत.

"बीळ बुजलं, म्हणजे ओल जायचीच," ती त्यांना तमिळीत म्हणाली. त्यांना कळलं की नाही कोण जाणे, पण ते हसले.

त्या वर्षीचं नवरात्र आलं तेव्हा ती अजून अशक्त होती. कोलूच्या पायऱ्या कल्याणरामानं लावून दिल्या, तो सुट्टी काढून आला होता. वाणी-वाणीण बसले, शिपाई बसले. मरपाचीची राणी नागलक्ष्मीनं हातात घेतली. हात छातीपर्यंत आला, खांद्याशी आला, खांद्याच्या थोडा वर गेला आणि कापू लागला. वरची पायरी अजून वीतभर राहिली होती.

सेतुराम स्टूल घेऊन पुढं झाले.

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. "उलटे ठेवाल. अक्का."

दारात बसलेली अक्का तिच्याकडं बघत राहिली. ती कशाला बोलावते आहे, हे तिला कळलं होतं. ती उठली, उंबऱ्याशी क्षणभर थांबली, आणि आत आली. तिनं नागलक्ष्मीच्या कोपराखाली आपला हात दिला आणि वर उचललं. सुरकुतलेली दोन कोपरं आणि एक लाकडी राणी, कण्हत कण्हत वर चढली. मग तसाच राजा.

"बरोबर आहे का?" अक्कानं विचारलं.

"बरोबर आहे," सेतुराम म्हणाले. या वेळी कुणाच्या बाजूनं ते त्यांनी विचारलं नाही.

अक्का हात झाडत दाराकडं वळली. "चार बायका येतील आता संध्याकाळी, गाणी म्हणशील, जागरण करशील," ती म्हणाली. "सकाळी तिण्णैवर वेळेवर ये. तोंड धुऊन."